पंपावरची बाई गेली की राहिली

रविवार, ८ जून, संध्याकाळी
अपमान. भर सभेत अपमान. लगेच लिहून ठेवतो, म्हणजे राग शिळा होणार नाही.

अड्यारच्या हॉलवर आमच्या मराठी मंडळाच्या फिल्म सर्कलचा सिनेमा होता. फ्रेंच. स्टायलिश. कल्ट. कल्ट म्हणजे काय, असं आवडीला राहणाऱ्या संजीवला विचारलं, तर म्हणाला, लागला तेव्हा कोणी गेलं नाही आणि आता सगळे सांगतात आम्ही पहिल्या दिवशी गेलो होतो, तो कल्ट.

पांढरा कोट घातलेली एक बाई हायवेवरच्या पेट्रोल पंपावर उभी. तांबड्या गाडीतून एक माणूस येतो. ती पेट्रोल भरते, तो सिगारेट ओढतो. पंपावर! कोणी कोणाशी बोलत नाही. सगळीकडे हिरवा उजेड, माझ्या अंबत्तूरच्या वर्कशॉपमधल्या जुन्या ट्यूबसारखा. ती इतका वेळ भरत राहते की तेवढ्या पेट्रोलमध्ये अख्खं गुडुवांचेरी गाव बुडालं असतं.

मग मी डोळे मिटले. झोपलो नव्हतो. मी सिनेमा ऐकतो. इचलकरंजीहून इथे आलो तेव्हा तमिळमधला एक शब्द येत नव्हता, पण पाण्याच्या पंपाला कान लावून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचो. सगळा धंदा या कानांवर उभा केला. आजही मशीन उघडायच्या आधी माझे फिटर म्हणतात, सार, कादु वैंगा. साहेब, कान लावा.

शेवटी म्हणे तो कोट पंपावर टांगलेला दिसतो, बाई दिसत नाही. त्यावरून हॉलमध्ये दोन तट. गेलीवाले म्हणतात, ती त्याच्या गाडीतून गेली. राहिलीवाले म्हणतात, कोट इथे आहे म्हणजे बाईही इथेच. मी उठून सांगितलं, दोघंही चूक. गाडी मुळात सुरूच झाली नाही. सेल्फ मारल्याचा आवाज मी ऐकला नाही, म्हणजे तो झालाच नाही.

तर जयतीर्थ, सर्कलचा चालक, सिरुसेरीत सॉफ्टवेअर करतो, जूनच्या घामात गळ्यात स्कार्फ घालतो, तो म्हणाला, काका, एकदा डोळे उघडे ठेवून परत बघा ना.

हॉल हसला. हसू दे. पण कमलिनीही हसली. माझी बायको. ओढणी तोंडावर धरून.

मग भरतनाट्यमच्या क्लासला हॉल द्यायचा म्हणून चर्चा तशीच तोडली. उरलेली पुढच्या महिन्यात.

जयतीर्थ, तुला सोडत नाही.

सोमवार, ९ जून, सकाळी
डोकं शांत. बदला शांत डोक्यानं घ्यावा.

एक गोष्ट काल रागात लिहायची राहिली. सिनेमा चालू असताना कोणीतरी घोरत होतं. कोरड्या बेअरिंगसारखं, मध्येच अडकून पुन्हा चालू होणारं. आवाज अगदी जवळचा. आणि माझ्या अगदी मागच्या खुर्चीत कोण होतं? स्कार्फ.

म्हणजे लोकांना डोळे उघडायला सांगणारा स्वतः झोपला होता! हे मी भर सभेत सिद्ध करणार.

शिवाय आजपासून सकाळी बीचवर चालायला जाणार. लढाईला दम लागतो.

शनिवार, १४ जून
चालणं उद्यापासून. गुडघा.

तपास मात्र जोरात. आधी अन्नपूर्णाबाईंकडे गेलो. बाई तंजावरच्या, सर्कलच्या अध्यक्ष, कट्टर राहिलीवाल्या. विचारलं, तुम्ही कोणाचं घोरणं ऐकलंत का? कॉफीचा डबरा, म्हणजे इथली पसरट वाटी, पुढे सरकवत म्हणाल्या, अस्की ऐकले, अनंतराव. त्यांच्या मराठीत अस्की म्हणजे सगळे. मग म्हणाल्या, कॉफी घ्या, कॉफीनं जाग राहते. बाई चतुर. नाव घेतलं नाही.

घरी कमलिनीला विचारलं. म्हणाली, मी तर लग्न झाल्यापासून ऐकतेय. यावरून एवढंच ठरतं की मंडळात झोपाळू लोक पूर्वीपासून आहेत.

नंतर तिनंच विचारलं, तुम्हाला काय वाटतं हो, ती गेली की राहिली? म्हटलं, गाडी सुरूच झाली नाही. तर म्हणाली, इतका वेळ एका जागी उभी राहिलेली बाई जाणारच. आणि माझ्याकडे बघत राहिली. मी साक्षीदार मोजत होतो, त्यामुळे विषय वाढवला नाही.

रविवार, २२ जून
मास्टर प्लॅन.

सर्कलचा नियम आहे: ज्याची फराळाची पाळी, त्याचा शेवटचा शब्द. त्याच्यानंतर कोणी बोलायचं नाही, फक्त खायचं. अन्नपूर्णाबाईंनीच घातलेला नियम, नाहीतर चर्चा संपत नाही आणि वडे गार होतात. जुलैची पाळी संजीवची होती. आवडीहून लोकल ट्रेननं डबे आणायचा त्याला कंटाळा. मी मोठ्या मनानं म्हटलं, तुझी पाळी मी घेतो. तो इतका खूष झाला की राहिलीवाल्यांतून माझ्या पक्षात आला. आता आमचा पक्ष दोघांचा.

मी शेवटी उठणार, घोरणाऱ्याचं नाव घेणार, आणि नियमानं जयतीर्थला उत्तर देता येणार नाही. तोंडात वडा असेल.

वडे कमलिनी करेल. तिला अजून सांगितलेलं नाही.

शनिवार, ५ जुलै
सांगितलं. म्हणाली, तुमच्या बदल्याचे वडे मी का तळू? मी म्हटलं, मंडळाच्या सेवेसाठी. तळते म्हणाली, पण पुढच्या सिनेमापासून मी अन्नपूर्णाबाईंशेजारी बसणार. तुमच्या शेजारी बसून सिनेमा बघता येत नाही.

शाबास! राहिलीवाल्यांच्या गोटात आपलं माणूस. न सांगता तिच्या लक्षात आलं.

आणखी आनंदाची बातमी. ग्रुपवर वाचलं की जयतीर्थनं त्या दिवशीच्या चर्चेचं रेकॉर्डिंग केलंय, न आलेल्यांसाठी. सिनेमा संपायच्या बराच आधी फोन चालू करून माझ्या समोरच्या खुर्चीवर ठेवला होता. म्हणजे घोरणं आलंच असणार! स्वतःच्या फोननं स्वतःचा गळा.

मी ग्रुपवर मागणी टाकली: १३ तारखेच्या सभेत ते रेकॉर्डिंग सर्वांसमोर, मोठ्या स्पीकरवर. लगेच जयतीर्थचा फोन. काका, ते राहू दे ना. मी म्हटलं, का? म्हणाला, उगाच कशाला, माझंच चुकलं, मी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं. आवाज खाली आला होता. घाबरला!

कमलिनीही म्हणाली, अहो, ते वाजवू नका. मन मऊ आहे तिचं. पण त्या दिवशी मात्र हसली होती.

रविवार, १३ जुलै, दुपारी, निघण्यापूर्वी
इस्त्रीचा शर्ट. साबुदाण्याचे वडे दोन डब्यांत. हिरव्या मिरचीची एक खास चटणी वेगळी, फक्त स्कार्फसाठी.

आज संध्याकाळी त्याला सर्कल सोडावं लागेल. चालकपद मला देतील. मी आधी नाही म्हणेन.

त्याच दिवशी, घरी आल्यावर
क्रमानं लिहितो.

चटणी. जयतीर्थनं आधीच बोट बुडवून चाखली. म्हणाला, वा काका, आमच्या घरची आठवण आली. वाटी संपवली.

चर्चा. गेलीवाले आणि राहिलीवाले इतके पेटले की दोन सख्ख्या बहिणी खुर्च्या बदलून बसल्या. एक म्हणे सिनेमा म्हणजे नुसता कोट आणि लाइट. दुसरी म्हणे, तुला डोळेच नाहीत. शेवटी मी उठलो. बेअरिंगचं उदाहरण दिलं. म्हटलं, या हॉलमध्ये एक माणूस झोपून सिनेमाचा अपमान करतो आणि वर जागणाऱ्यांना हसतो. लावा रेकॉर्डिंग.

जयतीर्थनं अन्नपूर्णाबाईंकडे पाहिलं. अन्नपूर्णाबाईंनी कमलिनीकडे पाहिलं. कमलिनी म्हणाली, लाव बाबा. होऊन जाऊ दे एकदाचं.

आधी फ्रेंच व्हायोलिन. त्यावर घोरणं. कोरडं, मध्येच अडकणारं. मी सगळ्यांकडे बघून मान डोलावली. मग सेल्फचा आवाज. गाडी एका झटक्यात सुरू झाली. इंजिन उत्तम, टॅपेट सेट केलेले. लांब गेली. घोरणं चालूच. मग बायकी आवाज: अहो. अहो, उठा, लाइट लागले. मग पुरुषी आवाज: हं? झोपलो नव्हतो. ऐकत होतो.

आवाज ओळखीचा होता.

हॉल हसून कोसळला. महिनाभर एकमेकांशी न बोललेले गेलीवाले आणि राहिलीवाले खांद्याला खांदा लावून हसत होते. त्या दोन बहिणी गळ्यात गळा घालून. संजीव तर आमच्या पक्षाचा, तो सर्वांत मोठ्यानं. कमलिनी एकटी हसली नाही. ती डब्याचं झाकण घट्ट धरून बसली होती.

मग अन्नपूर्णाबाईंनी हात वर केला. नियम तो नियम, म्हणाल्या, फराळ अनंतरावांचा, शेवटचा शब्द त्यांचा. हसणं थांबलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, चटणी वाढू का कोणाला?

सोमवार, १४ जुलै
फोनचं रेकॉर्डिंग भरवशाचं नसतं. आवाज दाबला जातो, एकाचं दुसऱ्याला चिकटतं. वर्कशॉपमध्ये फिटरला हे समजावलं. तो म्हणाला, आमा सार. हो साहेब. पण फार पटकन म्हणाला.

जयतीर्थचा मेसेज: काका, पुढच्या महिन्यात नक्की या, तुमच्याशिवाय मजा नाही. सोबत त्या सिनेमाची लिंक. उपकार करतोय. लक्षात ठेवीन.

जेवताना कमलिनी म्हणाली, मला त्या मुलाचं काही नाही आणि तुमच्या बदल्याचंही नाही. महिनाभर एकच विचारतेय, ती गेली की राहिली. हॉलमधल्या सगळ्यांशी बोलून झालं. मला तुमच्याशी बोलायचं होतं. एकदा घरी माझ्याबरोबर पूर्ण बघा आणि सांगा. मग मी कुठे बसायचं ते ठरवते.

मान्य. यात अवघड काय आहे?

रविवार, २० जुलै, दुपारी
तयारी चोख. दोन डबरा कडक कॉफी घेतली. सोफा नको, स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणली. फोन बंद. डोळे उघडे ठेवायचे, अगदी पापणीसुद्धा मोजून हलवायची. कमलिनी शेजारी बसलीय, खुर्चीला खुर्ची लावून. पांढरा कोट आला. हिरवा उजेड आला. तांबडी गाडी येतेय.

आज पूर्ण बघणारच.

त्याच दिवशी, संध्याकाळी
टीव्ही बंद होता. शेजारची खुर्ची रिकामी. कमलिनी आत अन्नपूर्णाबाईंशी फोनवर पुढच्या सिनेमाच्या जागांचं बोलत होती. मी इथूनच ऐकलं, कान अजून तसेच आहेत.

शेवट छान आहे म्हणे.