अण्णांना आवडलेलं पेडल

२ मार्च, सकाळी
ठरलं. ओव्हरड्राइव्हचं पेडल घ्यायचं.

सहा वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवतोय आणि कुणी दाद देत नाही, ह्याचं कारण आज सापडलं. दोष हातात नाही, आवाजात आहे. गिटारचा साधा आवाज म्हणजे तेल लावून भांग पाडलेला शाळकरी मुलगा. मध्ये ही पायाने दाबायची डबी जोडली की तोच आवाज जरा फाटतो, खरखरतो, तासभर भांडून घसा बसलेल्या माणसासारखा होतो. लोकांना तेच हवं असतं.

पेडल स्वस्तातलं घ्यायचं आणि एकच घ्यायचं. घाई करायची नाही. पण २३ तारखेच्या आत घ्यायचं, कारण आमच्या प्लंबरच्या बँडला गिटारवाला हवाय. सिंकखाली आडवा पडून नळ बसवताना तो स्वतःच म्हणाला. तो ड्रम वाजवतो. २३ला ट्रायल.

४ मार्च
ताईचा फोन. अण्णांच्या कानाचं मशीन.

अण्णा चाळीस वर्षं छापखान्यात मशीनवर होते. आता टेबलावर जोरात हात आपटला तर दचकतात, बाकी शून्य. दिवसभर पेपर आणि लाल पेन्सिल घेऊन बसतात आणि छपाईच्या चुकांना गोल करतात. संपादकाला पाठवत वगैरे नाहीत. नुसते गोल.

ताईने मशीनचे अर्धे पैसे मला पाठवलेत. म्हणाली, उरलेले तू घाल आणि ह्याच आठवड्यात त्यांना क्लिनिकमध्ये ने. अगं हो, म्हटलं. परत म्हणाली, नक्की ना? म्हटलं, तुझा माझ्यावर विश्वासच नाही. ती म्हणाली, नाही.

थोरल्या बहिणींना बोलायची पद्धत नसते.

अण्णा समोरच बसले होते. बहिऱ्या माणसाबरोबर राहण्याचा हा एक फायदा. फोनवर बोलायला गॅलरीत जावं लागत नाही.

६ मार्च
कामावरून परस्पर पेडलच्या दुकानात. पेडलवाल्याने तीन काढून ठेवली. हिरवं, पिवळं आणि एक राखाडी. राखाडी महाग. त्याला म्हणे 'ट्रान्सपरंट' म्हणतात. म्हणजे काय, विचारलं. म्हणाला, लावलंय हे ऐकणाऱ्याला कळतच नाही. मग घ्यायचं कशाला? म्हणाला, ज्याला कळतं त्याला कळतं.

मला कळलं. पण परवडणारं नाही. हिरवं पाऊण तास वाजवून पाहिलं. पेडलवाला मध्येच शटरबाहेर जाऊन उभा राहिला. लांबून कसं ऐकू येतं ते बघत असणार. जाणकार माणूस.

७ मार्च
हिरवं घेतलं. तात्पुरते ताईचे पैसे वापरलेत, पगार झाला की परत ठेवणार. आणि तात्त्विकदृष्ट्या पाहिलं तर पैसे कानासाठी होते, हेही कानासाठीच आहे.

संध्याकाळी अण्णांसमोर वाजवलं. अण्णांनी पेपरातून मान वर केली नाही, पण मान डोलत होती! तालात! ऐकू येत नसलं तरी लाद्यांतून पायाला कंप जाणवत असणार. सहा वर्षांतली पहिली खरी दाद, आणि तीही बापाची.

१० मार्च
दुकानात लहानसा गोंधळ. मी चष्म्याच्या दुकानात आहे, डोळे तपासतो, काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. आज एक बाई चष्मा परत घेऊन आल्या. डाव्या डोळ्याचा नंबर उजवीकडे गेला होता. त्या तीन दिवस जिना चाचपडत उतरत होत्या म्हणे. काच बसवताना मी हिरव्याच्या गेनच्या, म्हणजे आवाज किती फाडायचा त्या बटनाचा विचार करत होतो. किती फिरवायचं, हा साधा प्रश्न नाही.

मालक म्हणाले, लक्ष कुठं असतं हल्ली? म्हटलं, मोठं काम चालू आहे. म्हणाले, इथलं छोटं आधी करा.

बाईंनीही पहिल्याच दिवशी यायला हवं होतं.

१२ मार्च
पिवळंही घेतलं. चैन नव्हे. एकच पेडल असेल तर ते चांगलं आहे हे कळणार कसं? गिऱ्हाइकाला आम्ही एकच काच दाखवतो का? दोन स्वस्त मिळून एका महागापेक्षा कमीच पडली. जवळजवळ कमी.

अण्णांसमोर दोन्ही आळीपाळीने वाजवली. हिरव्याला मान बारा वेळा हलली, पिवळ्याला एकोणीस वेळा. पिवळं फायनल.

१४ मार्च, रविवार
सकाळी उठलो तर अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून खुर्चीत तयार. ताईने त्यांना मेसेज केला होता, आज क्लिनिकला जायचं म्हणून. हिला मध्ये पडायची काय गरज?

पैसे पूर्ण नाहीत, शिवाय आज सरावाचा दिवस. चिठ्ठीवर लिहिलं, 'क्लिनिक रविवारी बंद असतं.' अण्णांनी वाचलं. 'असतं'वरचा अनुस्वार मी विसरलो होतो, तो पेन्सिलने दिला आणि चिठ्ठी खिशात ठेवली. बूट मात्र दुपारपर्यंत काढले नाहीत. म्हातारपणी वाकायचा कंटाळा येतो.

ताईचा फोन आला. म्हटलं, अगं तेच नको म्हणतात. ह्या वयात कानात यंत्र कशाला, म्हणतात. हट्टी आहेत, तुला माहीतच आहे. अण्णा माझ्याकडेच बघत होते. मी हसून हात केला. त्यांनीही केला.

१७ मार्च
वाईट दिवस. सराव बुडाला.

अण्णा पेन्सिल आणायला खाली गेले आणि रस्ता ओलांडताना मागून मोटारसायकल आली. तो म्हणतो, मी चार वेळा हॉर्न दिला. अण्णा पडले. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. हॉस्पिटलात चार तास नुसतं बसून होतो. तिथे भिंतीवर पाटी, शांतता राखा. म्हणजे बोटांचा व्यायामसुद्धा टेबलावर करता येईना.

आता गोल डाव्या हाताने काढतात. गोल राहिले नाहीत ते, बटाटे झालेत.

अण्णांना एकट्याने खाली जायची काय गरज होती? मला सांगितलं असतं तर रविवारी आणली असती.

१८ मार्च
ताईला कळवलं. ती म्हणाली, रजा टाकते, चोवीसला येते, एवढंच. तिच्या गप्प बसण्याची मला लहानपणापासून भीती वाटते. पण चोवीस म्हणजे ट्रायलच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे तोवर मी बँडमध्ये असेन. कलावंत भावाशी माणूस जरा वेगळं बोलतो.

२३ मार्च, संध्याकाळी
ट्रायल झाली. प्लंबरच्या गोडाऊनमध्ये, पाइपांच्या ढिगाऱ्यात. मी पिवळं पेडल लावून सुरुवात केली. दोन मिनिटांत प्लंबरने काठ्या खाली ठेवल्या. म्हणाला, साहेब, खरखरीत काही कळत नाहीये, ते पेडल काढून वाजवा बरं. काढलं. वाजवलं. सगळे शांत ऐकत होते. मग प्लंबर म्हणाला, साहेब, पेडल लावा परत.

म्हणजे पेडलची निवड बरोबर होती! मी तसं म्हटलंही. प्लंबर म्हणाला, हो, पेडल चांगलं आहे. कळवतो म्हणाला. मी निघालो तर म्हणाला, तुमच्या नळाची गळती थांबली ना? थांबली, म्हटलं. म्हणाला, चला, एक काम तरी झालं.

अजून फोन नाही. चर्चा चालू असेल.

२४ मार्च
ताई आली. पाणीसुद्धा न घेता अण्णांच्या पायात बूट घातले, नाड्या बांधल्या आणि क्लिनिकला घेऊन गेली. दोन दिवसांत मशीन मिळणार. तिने पैसे तिथेच पूर्ण भरले. संध्याकाळी विचारलं, मी पाठवलेले कुठे आहेत? सुरक्षित आहेत, म्हटलं. तिने कोपऱ्यातल्या हिरव्या-पिवळ्या डब्यांकडे पाहिलं. मला वाटतं रंग आवडले.

प्लंबरचा मेसेज. त्यांना माणूस मिळाला. त्यांच्यातलाच कुणीतरी टाइल्स बसवणारा. असो. कलेतही वशिला आलाच.

ताईला मान डोलण्याचं सांगितलं. म्हटलं, अण्णा माझे पहिले श्रोते आहेत. ती म्हणाली, अरे त्यांची मान वर्षभर आपोआप हलतेय. जेवतानाही हलते, झोपेतही. वयाने होतं, तुझ्या लक्षात नाही आलं?

तिला संगीतातलं काही कळत नाही.

२६ मार्च
मशीन बसलं. दाण्याएवढं आहे. अण्णा घरभर फिरून आवाज ऐकत होते. बटन दाबून दिवा लावला, विझवला, परत लावला. पेपराचं पान उलटलं आणि थांबले. परत उलटलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. ताईच्याही. मीही काढणार होतो, पण मला घाई होती. इतक्या वर्षांनी अण्णा मला *ऐकणार* होते.

आतल्या खोलीत पिवळं लावलं आणि सगळ्यात चांगलं वाजतं ते वाजवलं. अण्णा दारात आले. ताईला म्हणाले, शेजारी पाइप कापतायत का?

मी गिटार दाखवली.

ते म्हणाले, हे तू? रोज वाजवतोस? हो, म्हटलं. किती वर्षं? सहा. अण्णांनी शेजारच्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, आणि शेजारचे काही बोलले नाहीत? भले लोक आहेत.

पहिल्या दिवशी सगळेच आवाज कर्कश वाटतात, असं क्लिनिकच्या माहितीपत्रकात छापलंय. अण्णांना दाखवलं. त्यांनी त्यातली एक चूक काढली.

२७ मार्च, दुपारी
आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे उगाच गैरसमज नको.

ताई औषधं आणायला गेली होती. मी पेडलवाल्याला फोन लावला. हिरवं-पिवळं परत घेऊन वर थोडे घालून राखाडी मिळेल का, म्हणून. पैशांचं काय, तो म्हणाला. म्हटलं, आहेत हो, म्हाताऱ्याच्या कानाचे होते ते उरलेत थोडे. बहिणीला सांगितलं होतं तेच नको म्हणतात. त्यांना काय कळतंय, ढोल बडवला तरी पेपरातून डोकं वर येत नाही.

डोकं पेपरातून वर आलं.

इतक्या वर्षांची सवय एका दिवसात कशी जाणार? ह्यात माझी चूक म्हणाल तर फक्त विसराळूपणाची. मी फोन ठेवला. म्हटलं, अण्णा, ते आपलं सहज. अण्णांनी पेपराची घडी घातली, प्लास्टरच्या हाताने, त्यामुळे वेळ लागला. म्हणाले, "क्लिनिक रविवारी उघडं असतं. काल मी तिथल्या मुलीला विचारलं."

आवाज चढवला नाही. हळू बोलायला शिकलेत आता, स्वतःचा आवाज ऐकू येतो ना.

मी म्हटलं, अण्णा, पूर्वी बंद असायचं.

त्यांनी मान हलवली. ती आपोआप हलली की मुद्दाम, कळलं नाही.

२८ मार्च
अण्णा ताईकडे गेले. हवापालट. सामान एका बॅगेत मावलं. दारात मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, प्लास्टरचा. जरा लागला. ताईला म्हटलं, पंधरा दिवसांत आणून सोड. ती म्हणाली, ते काय म्हणतात बघू. म्हटलं, तेच म्हणतील, करमत नाही म्हणून.

खोली मोठी वाटते आता. आवाज छान घुमेल.

३१ मार्च
राखाडी घेतलं. खरंच ट्रान्सपरंट आहे. लावलं काय, न लावलं काय.

मालकांनी महिनाअखेरीस बोलावून घेतलं. पुढच्या महिन्यापासून डोळे तपासायला दुसरा माणूस येणार, मी फक्त मागे बसून काचा घासायच्या. म्हटलं, बढती का? मालकांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, समजा.

६ एप्रिल, संध्याकाळी
नऊ दिवस झाले. अण्णांचा फोन नाही. मोबाइल हाताळता येत नसेल डाव्या हाताने. खुर्ची रिकामी असली की समोर बघून वाजवायला जमत नाही, म्हणून तिच्यावर पेपर ठेवून पाहिला. नाही जमलं.

शेवटी मीच ताईला फोन लावला. म्हटलं, अण्णांना दे, मला बोलायचंय. काय बोलायचंय, तिने विचारलं. म्हटलं, बापाशी बोलायला काय कारण लागतं? खरं तर माफी वगैरे मागायचा विचार होता. दोन वाक्यं चिठ्ठीवर लिहूनही ठेवली होती, अनुस्वार देऊन.

तिने हाक मारली. म्हणाली, अण्णा, ह्याचा फोन आहे, बोलता का?

मागून त्यांचा आवाज आला. "त्याला सांग, मला ऐकू येत नाही."

अकरा दिवसांत मशीन बिघडलं. वर्षभराची वॉरंटी असते, उद्याच्या उद्या क्लिनिकमध्ये ने, पावती जपून ठेवली आहेस ना, असं ताईला दोनदा बजावलं.

तिने फोन कधीच ठेवला होता.