बारदान वजा जाता

४ जानेवारी, सकाळी ९.२०
काट्यावर उभाच आहे. वही चांगदेवच्या पाठीवर टेकवली आहे. ब्याण्णव किलो चारशे. एक पाय उचलून पाहिला. तेवढंच. श्वास सोडून पाहिला. तेवढंच. चांगदेव वीस वर्षं माझ्या कारखान्यात सूत तोलतो. म्हणाला, शेट, ह्यो गोन्यांचा काटा हाय, त्याला दमाचं काय कलत न्हाय.

काल डॉक्टर प्रितेश म्हणाले, प्रोस्टेट वाढलंय, साठ ग्रॅम. महिनाभर गोळ्या घ्या, पाच किलो उतरवा, लघवी सुटली नाही तर ऑपरेशन. आमच्या घरात सुरी फक्त बकऱ्याला लागते. मला लागणार नाही.

४ जानेवारी, दुपारी
शोध लागला. सूत तोलताना आपण गोणीचं आणि कोनच्या आतल्या पुठ्ठ्याचं वजन वजा करतो. ते बारदान. उरतं ते खरं सूत. हाच न्याय मला. चपला, पट्टा, कारखान्याच्या चाव्या, मोबाइल, कपडे: एक किलो सातशे. शिवाय सोनोग्राफीत लिहिलंय, लघवी करून आल्यावरही आत तीनशे मिली राहते. ती मी नव्हे. निव्वळ मुनीर: नव्वद किलो चारशे. पहिल्याच दिवशी दोन किलो उतरले. उरले तीन.

चांगदेव म्हणाला, बारदान गोनीला आसतं शेट, मानसाला न्हाय. तोलणं वेगळं, विचार करणं वेगळं.

६ जानेवारी
गोळी रात्री, जेवणानंतर. म्हणजे जेवण हा औषधाचाच भाग. सहा सांदणं खाल्ली, खिम्याबरोबर. हबीबा म्हणाली, गोळी एक नि सांदणं सहा, यातलं औषध कोणतं तेवढं सांगा. बायकोशी वैद्यकीय चर्चा करू नये.

९ जानेवारी
आजपासून चालणे. कामतघरहून वऱ्हाळा तलाव, एक फेरी, परत. मला दर वीस मिनिटांनी जावं लागतं, म्हणून रस्ता ओळखीच्या घरांवरून आखला. तनवीरभाई, मग बहीण नाजनीन, मग पंढरी मास्तर. पण कुणाच्या घरी नुसतं संडासात जाऊन परत फिरणं आपल्यात बरं दिसत नाही. बसावं लागतं. बसलं की बशी येते. तनवीरभाईकडे समोसे. नाजनीनकडे गाजराचा हलवा. ती म्हणाली, भाईजान, किती वाळलात, अजून घ्या. बहीण खोटं कशाला बोलेल? पंढरीकडे चहा आणि बटर.

तलाव राहिला. उद्या.

१० जानेवारी
तलाव राहिला. नाजनीनने आज शेवया केल्या होत्या. मी येणार हे तिला आता माहीत असतं.

१५ जानेवारी
गुण आहे. रात्री पाचदा उठायचो, काल तीनदा. गोळीने गाठ हळूहळू आकसते असं डॉक्टर म्हणाले होते. महिने लागतात म्हणाले, पण ते सर्वसाधारण माणसाचं. माझी साठची चाळीस झाली असणार. म्हणजे वीस ग्रॅम तिथेही उतरले.

काटा: त्र्याण्णव. पण थंडी आहे. स्वेटर, मफलर, दोन बनियन, बूट. बारदान तीन किलो दोनशे. निव्वळ एकोणनव्वद आठशे. चांगदेवला वहीत लिही म्हणालो. तो म्हणाला, सुताच्या वहीत कुठं लिवू शेट, ताण्यात का बाण्यात?

२२ जानेवारी
सर्दी. कारखान्यातली रुई नाकात जाते. डॉक्टरांनी बजावलं होतं, साधी सर्दीची गोळीसुद्धा मला विचारल्याशिवाय घेऊ नका. पण नाक वर, प्रोस्टेट खाली. मध्ये एवढा मोठा माणूस आहे. मेडिकलमधून पाकीट आणलं. सकाळपासून चार घेतल्या. नाक मोकळं. डॉक्टरांना कळवायला हवं.

२३ जानेवारी, सकाळी ७
लघवी नाही. ताबा आला आहे.

सकाळी ११
नाही. ताबा जरा जास्त आला आहे.

दुपारी २
उभ्याने. बसून. नळ सोडून. हबीबा दाराबाहेरून म्हणाली, टाकी रिकामी झाली, तुमचं काय?

दुपारी ४
अक्षर नीट येत नाही.

संध्याकाळी
रिक्षाने दवाखान्यात. रस्त्यातला प्रत्येक खड्डा ओळखीचा झाला. डॉक्टर प्रितेशनी नळी घातली. पिशवीत एक लिटर दोनशे उतरलं. एवढं सुख मला लग्नातही झालं नव्हतं. हे हबीबासमोर बोललो.

सर्दीच्या गोळ्यांनी अडली, डॉक्टर म्हणाले, सांगितलं होतं ना? मी विचारलं, हे एक किलो दोनशे उतरलेल्यात धरायचे ना? ते हबीबाकडे बघत राहिले. ती म्हणाली, बघताय ना डॉक्टर, घरी मी हेच ऐकते.

नळी पाच दिवस. मग काढून बघायचं. सुटली तर गोळ्या चालू, नाही तर ऑपरेशन. आणि वजन किती उतरलं? त्यांनी विचारलं. मी म्हणालो, दोन किलो सहाशे. हबीबा म्हणाली, सकाळी बघू.

२४ जानेवारी
सकाळी नऊला काट्यावर उभा राहिलो. स्वेटर, बूट, चाव्या, मोबाइल हबीबाने काढून घेतलं. पिशवी तिनेच धरली, काट्याच्या बाहेर, नळी ताणू न देता. चांगदेवने आकडा मोठ्याने वाचला. चौऱ्याण्णव किलो. वजा करायला काही नव्हतं.

चला, हबीबा म्हणाली. पिशवीवर तिने आपली ओढणी टाकली. सावकाश तलावापर्यंत चालत गेलो. वाटेत कुणाच्याही घरी थांबावं लागलं नाही.