कृत्तिकांमागचा ठिपका

१५ मे

प्रिय दादास,

सप्रेम नमस्कार. तू आणि वहिनी मजेत असाल. तू तर असशीलच, तुझे कार्यक्रम मी बघते.

आईचा गुडघा बरा आहे. जिना उतरते, चढताना मात्र माझ्या नावाने बोटं मोडते, जणू जिना मीच बांधला. न्हाणीघराचा नळ अखेर बदलून घेतला. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून हे पत्र. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

शाळेला सुट्टी आहे, भूगोलाच्या पेपरांचे गठ्ठे तपासून झाले, त्यामुळे सकाळ सगळी माझी. चहा घेऊन संगणकापुढे बसते. आधी सूर्याचे ताजे फोटो, मग डागांची संख्या, मग सौरवाऱ्याचा वेग. परवा तो वेग एकदम चढला होता, वादळाचा इशाराही आला होता. आणि सगळ्यात शेवटी, जेवणातलं गोड शेवटी ठेवावं तशी, सूर्यावर नजर ठेवणाऱ्या यानाने पाठवलेली चित्रं. मधला सूर्य थाळीने झाकलेला आणि भोवतीचं सगळं उघडं. एखादा ठिपका चित्रागणिक सूर्याकडे सरकतोय का, ते डोळे फुटेस्तोवर बघायचं. सरकत असला तर तो धूमकेतू असू शकतो.

हे सगळं तुला माहीत आहे, तरी लिहिते. कारण तू ते करत नाहीस. लोकांचे दात तपासतोस, कोपऱ्यातली कीड तुला बरोबर सापडते, पण ठिपके मी टिपते, आपल्या दोघांच्या फोल्डरमध्ये ठेवते, आणि तू उचलून धूमकेतूंच्या नोंदी घेणाऱ्या संकेतस्थळावर तुझ्या नावाने पाठवतोस.

नंतरच्या ठिपक्यांचं मला काही नाही. माझं स्वतःचं खातं मी कधीही उघडू शकते. मला तो पहिला हवा आहे. तो सापडला तेव्हा मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरापर्यंत जाऊन परत आले, तो अजून तिथेच आहे का बघायला. माझं खातं नव्हतं. तू म्हणालास, "आण इकडे, माझ्या खात्यावरून टाकतो, नाव नंतर बदलून घेऊ." नंतर पेपरात तुझा फोटो आला, तुझी वाहिनी सुरू झाली, आणि नाव बदलायचं राहूनच गेलं. तिथे नोंदी तपासणाऱ्या बाईंचा नियम साधा आहे: ज्याने नोंद पाठवली, त्यानेच दुरुस्ती मागायची. म्हणजे तू. एक मेल, दोन ओळी.

गेल्या वेळी विचारलं तेव्हा तू हसून म्हणालास, "घरातल्या घरात काय तुझं-माझं? नाव घरातच राहिलं ना?" घरात राहिलं, पण तुझ्या खोलीत राहिलं. मला तुझा राग येतो, दादा. सरळच लिहिते. दुसऱ्या कुणी केलं असतं तर इतका आला नसता.

रविवारी तुझा थेट कार्यक्रम आहे, नवीन काहीतरी पाहिजे, असा तुझा निरोप आला. फोल्डरमध्ये एका ठिपक्याच्या चित्रागणिक जागा लिहून ठेवल्या आहेत. त्याला मी काहीही नाव दिलेलं नाही. जाहीर बोलण्याआधी आसपासचे चार तारे तेवढे बघून घे. आणि त्याआधी तो मेल पाठव. मी शनिवारपर्यंत वाट बघीन.

तुझी,
धाकटी

२६ मे

दादा,

आई ठीक आहे. बाकी खुशालीचं आज राहू दे.

शनिवारी मेल गेला नाही. रविवारी तू सूट घालून बसलास आणि म्हणालास, "हा ठिपका बघा मंडळी, थेट सूर्याकडे निघालाय. जगात सर्वांत आधी आपण बघतोय." मी आणि आई सोफ्यावर होतो. आईने टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

तो तारा होता. या दिवसांत कृत्तिका त्या चित्रांत शिरतात आणि सूर्यामागून डावीकडून उजवीकडे जातात. तो फिका तारा त्यांच्या मागोमाग होता, डाव्या बाजूला, म्हणून सूर्याकडे निघालेला दिसत होता. पण तारे सगळे मिळून चालतात, एकाच दिशेने, एकाच चालीने. धूमकेतू आपल्या मर्जीने जातो. जो रोज बसतो त्याला हे पहिल्याच आठवड्यात कळतं. चार शेजारी बघितले असतेस तरी पुरलं असतं. कार्यक्रम चालू असतानाच कुणीतरी खाली लिहिलं, "डॉक्टर, हा कृत्तिकांचा शेजारी, रोजचाच आहे." मग जे हसू सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. मी सगळं वाचलं. पुन्हा पुन्हा वाचलं.

हो, मला माहीत होतं. मी मुद्दाम ठेवला. खोटं एक अक्षर लिहिलं नाही, जागा बरोबर होत्या, बघून घे असंही सांगितलं होतं. तू बघणार नाहीस एवढीच माझी खात्री होती, आणि ती तूच मला इतकी वर्षं दिलीस.

इथवर झालं असतं तर मी गप्प बसले असते. तुझी फजिती झाली, माझं काही परत आलं नाही, असं म्हणून पुन्हा रोजच्या चित्रांपुढे बसले असते. पण तू बाईंना मेल पाठवलास. मी मान्य करावं म्हणून मलाही प्रत पाठवलीस. "ठिपके माझी बहीण टिपते. मी स्वतः बघत नाही, तिच्या भरवशावर पुढे पाठवतो. तेव्हा ही चूक तिची आहे." मी इतके दिवस दोन ओळी मागत होते, तू तीन लिहिल्यास.

बाईंनी मला प्रत ठेवून तुला लगेच विचारलं: आधीच्या नोंदीही तिच्याच का? तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून मी दिलं. लिहिलं की भावाचं म्हणणं खरं आहे, पहिल्यापासून सगळे ठिपके माझे, आणि कृत्तिकांमागच्या ताऱ्याला मी कधीच धूमकेतू म्हटलं नव्हतं. तुझ्याच हातचं लिहिलेलं होतं, त्यामुळे त्यांना आणखी पुरावा लागला नाही. परवा सकाळी पहिल्या धूमकेतूपुढचं नाव बदललं.

आईने विचारलं, "म्हणजे तो पहिलापण तुझाच होता?"

"हो."

"मग इतके दिवस मी लोकांना काय सांगत होते?" असं म्हणून ती बराच वेळ गॅलरीत बसली. तुझ्यावर चिडली नाही, मला शाबासकीही दिली नाही. तिचं तोंड उतरलेलं बघून मला वाईट वाटलं. तेवढंच वाटलं.

तू तिच्याकरवी निरोप पाठवलास की झालं गेलं विसरून जा, भाऊ आहे तुझा. मी विसरणार नाही. आणि तू असं का केलंस ते तिला समजावून सांगायचं काम मी करणार नाही. ते तू येऊन कर, तिच्यासमोर बसून.

काल खालच्या मजल्यावरच्या मावशी भेटल्या. आई जिन्यातच थांबली आणि त्यांना म्हणाली, "धूमकेतू माझ्या मुलीने शोधला." तुझं नाव तिने घेतलं नाही. मला वाटलं होतं, हे ऐकून मला तुझी कीव येईल. आली नाही, दादा. मी मजेत वर आले.

नातं दुरुस्त करून मिळत नाही, म्हणून अजूनही तुझी,
बहीण