सातवीच्या फळ्यावरचा दादा

प्रिय दादा,

बाबांशी भांडून तू गेलास, तेव्हापासून तुझा पत्ता नाही. तरी आज लिहायला बसलेय, कारण डोक्याचा पार भुगा झालाय आणि दोष तुझा आहे.

इंग्रजीच्या तासाला उदाहरणाची वाक्यं लागतात. पुस्तकातल्या वाक्यांना मुलं जांभया देतात, म्हणून वर्षभर फळ्यावर मी तुलाच राबवलं. माझा दादा डोंगर चढतो. दादाची बस चुकली. दादा उद्या पोहायला जाईल. वर्ग खिदळायचा, मीही.

आज शेवटच्या तासाला विचारलं, "वर्षभरात काय शिकलात?" वाटलं, कुणी धडा सांगेल, कुणी कविता. तर सगळ्यांची गाडी तुझ्यावरच घसरली! बाकी सगळ्याच्या नावानं बोंब, पण तुझी चुकलेली बस तोंडपाठ. हसावं की कपाळाला हात लावावा? आता मुख्याध्यापकांना वार्षिक आढावा काय देऊ, तुझी ख्यालीखुशाली?

तेवढ्यात खिडकीपाशी बसणारी, एरवी चकार शब्द न काढणारी मुलगी उठली.

"टीचर, तुमचे दादा सगळीकडे जातात. पण एकाही वाक्यात घरी येत नाहीत. असं का?"

काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "ते आठवीच्या अभ्यासक्रमात आहे."

वर्ग हसला. ती हसली नाही. मान डोलावून म्हणाली, "बरं, मग पुढच्या वर्षी."

दादा, आठवीलाही मीच आहे रे.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर धाडावं तेही न कळणारी,
तुझी छोटी