उतरलेली रेघ

प्रिय बडबडे,

तुझं अभिनंदनाचं पत्र मिळालं. पत्र कसलं, नुसता उद्गारचिन्हांचा पाऊस! कचऱ्यातून निघणाऱ्या मिथेनचा देशोदेशींचा तक्ता आला की दरवर्षी आमची रेघ तुझ्या सासरच्या देशाच्या वर असायची आणि तू चिडवायचीस, की बाई, तुमच्या उकिरड्याचं पोट काही बरं होत नाही. या वर्षी आमची रेघ धाडकन खाली आली आणि तू मोठ्या मनानं हार मानलीस. तर आधी ते अभिनंदन परत घे. मला ते पचत नाहीये.

तूही तिकडे देशाचा वायू मोजायचं हेच काम करतेस, तुला अर्ध्या वाक्यात कळेल, पण मला आज सगळं सविस्तर बोलायचंय. आज टाकलेल्या कचऱ्याचा सगळा वायू काही आजच निघत नाही. कचरा आत कुजत राहतो आणि वर्षानुवर्षं थोडा थोडा वायू सोडतो. आम्ही मात्र इतके दिवस ज्या वर्षी कचरा पडला त्याच वर्षाच्या नावावर सगळा वायू टाकून मोकळे व्हायचो. या वर्षीपासून हळूहळू कुजण्याची नवी रीत घेतली. ती बरोबरच आहे, तिच्यासाठी मीच भांडले होते. पण रीत बदलली की मागची सगळी वर्षंही त्याच रीतीनं पुन्हा मोजायची, हा आपल्या कामातला पहिला धडा. नेमकं तेच राहिलं. म्हणजे काल जाडजूड कोट घालून वजन केलं, आज कोट काढून केलं, आणि गावभर सांगत सुटायचं की मी बारीक झाले!

आमचे साहेब वाईट नाहीत गं. अहवालाची मुदत डोक्यावर होती, म्हणाले, मागची वर्षं पुढच्या खेपेला बघू. मग त्या रेघेचं कौतुक सुरू झालं. आता ती चौकटीत बसून जिन्याजवळच्या भिंतीवर लटकलीय आणि आलेगेले पाहुणे तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. आता तिला हात लावायचा कुणी? साहेब तर त्या भिंतीकडे बघायचंच टाळतात.

आणि आता ताईचं सांगते. आपल्या वसतिगृहात यायची आणि हक्कानं तुझ्याच पलंगावर तंगड्या पसरायची, ती माझी ताई. अजून त्याच घरात आहे, कचऱ्याच्या डोंगरामागे दुसऱ्या गल्लीत. गेल्या उन्हाळ्यात तो डोंगर पेटला. आत साठलेल्या वायूनं आग नुसती धरून ठेवली, किती पाणी मारलं तरी विझेना. ताई खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबून बसली आणि शेवटी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. आता जिना चढताना मध्येच थांबते आणि मलाच समजावते, वय झालं गं. कसलं डोंबलाचं वय! माझ्याहून चार वर्षांनी तर मोठी आहे. डोंगराच्या पोटात नळ्या घालून वायू ओढून घ्यायची योजना मंजुरीला गेली होती. ती परत आली. शेरा काय, तर वायू निम्म्यावर आलाच आहे, मग नळ्यांवर खर्च कशाला? आणि पुरावा म्हणून आमचाच आलेख जोडलेला. मला असा संताप आला की भर कचेरीत रडू फुटलं. ताई फोन केला की विचारते, नळ्या कधी घालणार गं? मी विषय बदलते.

मग मी कंबर कसली. जुन्या नोंदी धुंडाळल्या आणि सगळी वर्षं नव्या रीतीनं पुन्हा मोजली. बडबडे, आमची रेघ कधी उतरलीच नव्हती. ती चढतेच आहे, आणि यंदा सगळ्यांत उंच आहे. साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, तुझ्या बढतीचं चाललंय, जरा सबुरीनं घे. मी सबुरी धरेन हो, पण ताईच्या छातीला कोण सांगणार?

अहवाल बदलायचा अधिकार मला नाही. पण आमचा अहवाल तपासायला परदेशांतून येणाऱ्या तपासनीसांनी प्रश्न विचारला, तर उत्तर द्यावंच लागतं, लेखी आणि जाहीर. कालच त्यांच्या यंदाच्या पथकाची नावं आली आणि त्यात तुझं दिसलं. म्हणून हे पत्र. आपली मैत्री आहे हे आधी पथकप्रमुखांना सांग, हे पत्रही दाखव. ते नको म्हणाले, तर दुसरं कुणी विचारेल. पण तूच आलीस, तर गोड बोलून निघून जाऊ नकोस. परक्या कुणाची रेघ अशी कोसळली असती, तर तू पहिल्या झटक्यात मागच्या वर्षांचा हिशेब मागितला असतास. माझी होती म्हणून उद्गारचिन्हं पाठवलीस. ते प्रेम मला यावेळी नको. भर बैठकीत विचार, की मागची वर्षं पुन्हा मोजलीत का? साहेब सवयीनं उत्तर द्यायला उठतील. त्यांना बसव, आणि म्हण, ज्या बाईंनी गणित केलं त्यांना बोलवा. मी बाहेरच्या बाकावर बसलेली असेन. हाक मारलीस की आत येईन.

तुझीच,
पूर्वीइतकीच हट्टी