दारातून न निघणारा ट्रॅक

मी, खाली सही करणारी, धंदा शिवणकाम, वय सत्तरीच्या पुढे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा पुरावा हवा असेल त्याने सुई आणावी. दोरा मी चष्म्याशिवाय ओवून दाखवीन.

१. राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मुलगा आणि मुलगी यांना समसमान. विकायचे तर खुशाल विकावे.

२. बँकेतील ठेव आणि शिलाई मशीन सुनेला. तिची टीप अजून वाकडी जाते, पण मन सरळ आहे.

३. अरुंद पटाशी कोपऱ्यावरच्या घड्याळजीला. मागून नेली आणि धार घालवून परत केली. आता त्याचीच झाली, बसावे धार लावत.

४. मागच्या खोलीतला, खाचेतून पळणाऱ्या छोट्या मोटारींचा लाकडी ट्रॅक आम्ही नवराबायकोने घरीच केला. हे बस चालवायचे. दिवसभर मोठी गाडी हाकून आले की यांना छोटी हवी. सरळ खाच हे पाडायचे. वळणाची माझ्याकडे, कारण बाहीचा मुंडा कापण्यात माझा जन्म गेला. खिळ्यांमध्ये लवचिक पट्टी वाकवायची, तिच्या दोन्ही अंगांनी सुरी ओढायची आणि मधले लाकूड पटाशीने हळूहळू काढायचे. घाई केली की पापुद्रा उडतो आणि मोटार तिथेच अडखळते.

"अगं, जपून काप. माणसं जायची आहेत त्यावरून."

"एवढ्याशा गाडीत कुठली आलीत माणसं?"

"मी आहे ना!"

सगळे चिकटवून, ठोकून झाल्यावर लक्षात आले की खोलीचे माप घेतले होते, दाराचे नाही. हे पोट धरधरून हसले. मी रुसून बसले.

हे गेल्यावर हसणारे कोणी उरले नाही. थोरला म्हणाला, "आई, घर विकायचं तर हा कापावाच लागेल." धाकटी म्हणाली, "बाबांच्या ट्रॅकला करवत लावणाऱ्याचं मी तोंड बघणार नाही!" तेव्हापासून भाऊ येणार असला की ती येत नाही. हट्ट दोघांनी बापाचा घेतला. माझ्याकडे तो कधीच नव्हता.

५. म्हणून काल करवत मीच लावली. सरळ भागांवर कापले, वळणांना धक्का लावलेला नाही. डोळ्यांतले पाणी लाकडावर पडले ते लगेच पुसले, प्लायवूड फुगते. आता दोन्ही तुकडे दारातून निघतात. तेव्हा बाळे, तोंड बघायचे नसेल तर माझे बघू नकोस, त्याचे बघ.

एक तुकडा थोरल्याला, एक धाकटीला. एका तुकड्यावर मोटार सुसाट जाते आणि टोकाला खाली पडते. जोडण्यासाठी बोल्टची भोके पाडून ठेवली आहेत. एकाने धरायचे, दुसऱ्याने आवळायचे. एकट्याने जमत नाही, मी करून पाहिले.

साक्षीदार:
वरच्या मजल्यावरच्या काकू (एक टोक धरले, रडल्या) – सही
गल्लीतला सुतार (दुसरे टोक धरले, रडलो नाही म्हणतो) – सही

लिहून ठेवणार: तुमची आई – सही
ठिकाण: मागची खोली. आज, गुरुवार.