आठ महिन्यांचा रस्ता

विजय नगर, जबलपूर
२४ मे

प्रिय बेबी,

आमची सुखदा शनिवारी तुमच्याकडे निघते आहे. तिच्याबरोबर हे पत्र आणि लिंबाचं लोणचं देतो आहे. लोणचं तुझ्या वहिनीचं, तेव्हा त्याची काळजी नको. पत्र माझं आहे. फोन असताना म्हाताऱ्याला हे काय सुचलं म्हणशील. पण फोनवर तू बोलतेस आणि मी हूं हूं करतो, ही आपली जुनी रीत. मला जे सांगायचंय ते त्यात बसत नाही. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो, मग आठवेल तसं लिहितो: पाऊस लागायच्या आत तू आणि बाबारावांनी ते घर सोडून इकडे यावं.

हल्ली माझं बूड एका जागी टिकत नाही. पेपर उघडतो आणि न वाचता घडी घालतो. परवा उगीचच भेडाघाटला गेलो, मूर्ती घडवणाऱ्यांची ठकठक तासभर ऐकली आणि परत आलो. तुझ्याकडे यायला दोनदा बसमध्ये बसलो आणि दोन्ही वेळा शहपुऱ्याला उतरून माघारी फिरलो. एकदा नुसता चहा प्यायलो, दुसऱ्यांदा टरबूज आणलं. वहिनीने विचारलं, “काहून परत आले?” मी म्हटलं, बस बिघडली. “दोन्ही वेळा?” ती एवढंच म्हणाली आणि टरबूज कापायला घेतलं. तिला खोटं बोललेलं लगेच कळतं, पण ती खोदून विचारत नाही, आणि त्यानेच जास्त लाज वाटते.

तुला डोंगराची हौस लहानपणापासूनची. फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आपल्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसायची, तिलाच तू डोंगर म्हणायचीस. म्हणून शैलविहार वसाहतीच्या जाहिरातीचं पुस्तक हातात पडलं तेव्हा तू कशी हरखली असशील, ते मी न बघताही सांगू शकतो. सातपुड्याचा पायथा, एकसारखी लाल कौलं, क्लबहाऊस, पोहायचा तलाव, सुट्टीत येणाऱ्यांसाठी वेगळी कॉटेजेस. आणि त्या आखीव-रेखीव वसाहतीत तू पहिल्याच आठवड्यात अंगणात पापड वाळत घातलेस. व्यवस्थापक म्हणाला, “दीदी, फ्रंट में अलाउड नहीं है,” आणि तू म्हणालीस, “अच्छा, तो भैया, सूरज को पीछे बुला लो.” बाबारावांनी हे मला फोनवर तीनदा सांगितलं. त्यांच्या आवाजात इतका आनंद मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तुम्हाला तिथून उठवणं माझ्या जिवावर आलं आहे, हे खरं.

बुक करताना तू जागा बघायलासुद्धा गेली नाहीस. सुखदाला म्हणालीस, अण्णाने नकाशा काढलाय, मग बघायचं काय. चौतीस वर्षं मी जमिनी मोजल्या, तेव्हा तुझा विश्वास वावगा नव्हता. निवृत्तीनंतर, चार वर्षांपूर्वी याच दिवसांत, शैलविहार बांधणाऱ्या कंपनीसाठी मी ती जमीन मोजली. मधोमध वाळूचा एक पट्टा होता, त्यावर बैलगाड्यांच्या चाकोऱ्या उमटलेल्या, बाया डोक्यावर टोपल्या घेऊन बाजाराला चाललेल्या. कोणीही गाडीवाटच म्हणेल. एक बकऱ्या चारणारा म्हातारा जवळ येऊन म्हणाला, “बाबूजी, ये आठ महीने का रास्ता है. चार महीने इसमें पानी चलता है.” बेबी, तो नाला आहे. तुमच्या सतरा नंबरच्या घराची अख्खी ओळ त्याच्यावर उभी आहे.

माझ्या हातून चूक झाली, असं मी आजवर स्वतःला समजावत आलो. पण ती चूक नव्हती. म्हाताऱ्याचं बोलणं मी वहीत टिपलं होतं. पहिल्या कागदावर नाला निळ्या रेघेने काढलाही होता. कंपनीतला साहेब म्हणाला, “अण्णाजी, ये नीली लाइन रही तो पूरी कतार जाएगी. पाइप डाल देंगे न.” मी दुसरा कागद घेतला आणि तिथे रस्ता काढला. त्यांनी मला काही दिलं नाही. नकाशाच्या खाली माझं नाव छापू म्हणाले, एवढंच. सरकारी नोकरीत काम माझं आणि नाव साहेबाचं. एकदा आपलं नाव छापलेलं बघायचं होतं मला. मग तुझा फोन आला, सतरा नंबर मिळाला म्हणून. मी म्हटलं, छान आहे, सकाळचं ऊन येईल.

त्यांनी दोन फुटांचा एकच पाइप टाकला. मार्चमध्ये तुझ्याकडे आलो होतो तेव्हा चौकीदाराने मला सांगितलं, गेल्या पावसात, घरं रिकामी असताना, त्या ओळीत गुडघाभर गाळ साचला होता. ताबा द्यायच्या आधी भिंती धुऊन रंग दिला. पाऊसही तेव्हा बेताचाच होता. त्या रात्री तुम्ही मला आग्रहाने पुरणपोळी वाढलीत आणि मी खाल्ली. बाबारावांना गुडघ्यांमुळे पलंगावरून उठायला दोन माणसं लागतात, आणि त्यांचा पलंग नेमका खालच्या खोलीत आहे. मी कंपनीत गेलो. ते म्हणाले, “नक्शे पर साइन तो आपकी है, जी.” ते काही करणार नाहीत.

नुसतं तुला सांगायचं असतं तर वहिनीला पाठवलं असतं. पण त्या ओळीत आणखी बावीस घरं आहेत, आणि माझ्या तोंडी बोलण्यावर कोणी घर सोडणार नाही. रविवारी दहाला क्लबहाऊसमध्ये रहिवाशांची सभा आहे ना, तिथे हे पत्र वाच. मराठी न समजणाऱ्यांना हिंदीत सांग. निळ्या रेघेचा तो पहिला कागद मी जपून ठेवला होता, तो पाकिटात आहे, खाली माझी सही आणि तारीख आहे. तो सगळ्यांना दाखव. माझ्या नावाच्या हौसेचा भाग गाळू नकोस. मला पाठीशी घालायची तुझी सवय मला माहीत आहे, या वेळी ती नको. लोक विचारतील, हा अण्णा कोण. मी तिथेच दारात उभा असेन. माझा भाऊ आहे असं सांगायचं की नाही, ते तू ठरव.

म्हणू देशील तर, तुझाच
अण्णा